बोडीतला ताग

करंजटोल्याची शामकला ढिवरीण तोंडाची तिखट होती, हे कुणाला विचारायची गरज नव्हती. ती समोर येऊन उभी राहिली की थोड्याच वेळात आपलं आपल्याला कळायचं. बाजारात मासळी विकताना गिऱ्हाइकानं कल्ले उघडून पाहिले की ती म्हणायची, "पाय, नीट पाय. तुया घरच्या भाजीपेक्षा ताजी हाय." तरी लोक तिच्याकडेच यायचे, कारण तिची मासळी खरोखरच ताजी असायची.

तिचं लग्न झालं तेव्हा तिकडं बोदलकशाच्या सरकारी तलावाची पाळ बांधून चार-दोन वर्षं झाली होती. वयाचा हिशेब तिला एवढाच ठाऊक होता. नवरा बिसराम. हा माणूस दिवसाकाठी दहा शब्द बोलला तर खूप. जाळं विणायचा, फेकायचा, वाळवायचा आणि बायकोची बडबड मान खाली घालून ऐकायचा. गावातली टवाळ पोरं म्हणायची की बिसरामचे शब्दही शामकलाच बोलून टाकते. त्यात खोटं काही नव्हतं. पण तिला तो आवडायचा, अगदी मनापासून, आणि ते ती कधी बोलून दाखवायची नाही.

तिरोड्यापासून चार कोसांवरचं हे गाव. मालगुजाराचा मोठा तलाव, त्याच्याखाली धानाची बांधी, आणि तलावाच्या उशाला एक लहानशी बोडी. बोडी म्हणजे कमरेएवढ्या, फार तर छातीएवढ्या पाण्याचं तळं. ही बोडी ढिवरांची. कागदावर नव्हे, शब्दावर. मालगुजाराच्या आज्यानं ढिवरांच्या आज्यांना सांगितलं होतं, की दर चैतात मोठ्या तलावाची पाळ तुम्ही फुकट दुरुस्त करायची, आणि बोडी तुम्ही मासळीची पिल्लं वाढवायला वापरायची. तिच्यात दुसरं काही जाणार नाही. ढिवरांची चौदा घरं तीन पिढ्या दर चैतात माती वाहत होती. पाळ कधी फुटली नाही.

मासळीची पिल्लं यायची बंगालकडून, रेल्वेनं. आषाढात गोंदियाच्या फलाटावर मातीची मडकी उतरायची आणि त्यांच्यात कतला-रोहूचा जिरा असायचा, म्हणजे डोळ्याला नुसते हलते ठिपके दिसतील इतकी बारीक पिल्लं. बिसराम आणि शामकला ती मडकी आणायला जायची. मडक्यात हात घालून पाणी सारखं हलवत राहावं लागे. गाडीत, उतरल्यावर, कावडीवर, गावापर्यंत. हात थांबला की मडकं गेलं. का, ते शामकलेला कोणी शिकवलं नव्हतं. पण एकदा गंगाझरीच्या आसपास तिचा डोळा लागला आणि जागी झाली तेव्हा अख्खा जिरा तळाशी पांढरा होऊन पडला होता. तेव्हापासून तिला ठाऊक होतं की पाण्यालाही श्वास असतो आणि तो संपतो.

बोडीत जिरा सोडायच्या आधी, जेठाच्या शेवटी, ती दोघं मोहाच्या टोरीची, म्हणजे बियांतलं तेल काढून उरलेली, ढेप कुटून पाण्यात टाकायची. ढेपेनं बोडीतले जुने मासे सगळेच मरतात. मरळ, मांगूर, खेकडे, जे पिल्लं खाऊन टाकतील ते सगळं. मग पंधरा दिवसांत पाणी निवळलं की शेण. शेणानं पाणी हिरवं होतं, त्या हिरव्यात बारीक जीव होतात, आणि त्या जिवांवर पिल्लं वाढतात. पण शेण किती? ते शामकला ठरवायची. कोपरापर्यंत हात बुडवायची. तळवा दिसला तर अजून एक टोपली, तळवा दिसला नाही तर बस्स. आभाळ भरून आलं असेल तर मुळीच नाही, मग बिसरामनं टोपली डोक्यावर का घेतलेली असेना. "आज पानी झोपलं हाय, त्याले जेवाले नोको देऊ," असं म्हणायची. चौदा घरांचं वर्षाचं खाणं ह्या बाईच्या कोपरावर चालायचं.

लढाईच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. दोर, जाळ्या, तंबू ह्यांच्यासाठी तागाला मागणी आली आणि गुलाबचंद मालगुजारानं बांध्या सोडून उंचावरच्या सगळ्या रानात ताग पेरला. गुलाबचंद शहाणा माणूस. नागपूरला दोन वर्षं शिकला होता आणि ते दर वाक्यात कुठंतरी यायचंच. ताग कापला, की त्याच्या जुड्या पाण्यात दाबून ठेवाव्या लागतात. पाच-सहा दिवसांत साल कुजून सुटते आणि मग चिखलपाण्यात उभं राहून ती सोलायची. ते पाणी इतकं घाण मारतं, की गावात त्यात उतरणारी माणसं फक्त ढिवर. पोवार नाही उतरायचा, कुणबी नाही, गोंडसुद्धा नाही. हे काम ढिवरांचं, असं ठरून गेलं होतं. कोणी ठरवलं, ते मात्र विचारू नये.

एरवी ताग नाल्यात दाबत. त्या वर्षी अश्विन लागला तेव्हाच नाल्याचं पाणी घोट्यावर आलं. मोठ्या तलावात दाबायचा तर गाव तेच पाणी पितं, आणि मालगुजाराच्या माडीवरचे रांजणही त्यातच भरतात. तेव्हा दिवाणजी केशोरावनं उपाय काढला की बोडी आहेच. वा रे उपाय! ह्यांच्या रांजणाला वास नको, ढिवरांच्या पिल्लांना चालेल.

गाड्या बोडीच्या काठाला लागल्या तेव्हा पिल्लं वीतभर झाली होती. दिवाळीनंतर ती मोठ्या तलावात सोडायची होती. शामकला पहिल्या गाडीच्या बैलांसमोर जाऊन उभी राहिली. गुलाबचंद स्वतः छत्री घेऊन आला होता.

"मालक, हे कायले आनलं अठी?"

"ताग भिजवायचा आहे. सहा दिवसांचं काम," गुलाबचंद म्हणाला. "तुझे मासे काय ताग खातात?"

"मासे नाई खात. पानी खाते. तागाले पानी खाते, अन मंग मास्यायसाठी त्याच्यात काई उरत नाई. नाल्याचं पानी वाहून जाते. हे कोठी जाईन?"

"बघा केशोराव, पाणी ताग खातं म्हणे!" गुलाबचंद हसला. दिवाणजी हसला, गाडीवान हसले. काठावर निम्मं गाव जमलं होतं, तेही हसलं.

इथं शामकलेनं गप्प बसायला हवं होतं, असं पुढं पुष्कळांनी सांगितलं. पण गप्प बसणारी ती शामकला नव्हेच. ती सगळ्यांदेखत ओरडली, "तुमच्या आज्याची जबान होती! थुंकून चाटून राहिले तुमी! उद्या मासे मेले ना, तं टोपल्या भरून तुमच्या वसरीवर आनून टाकीन!"

गुलाबचंदचं हसू विझलं. त्यानं छत्री मिटली आणि गाड्या खाली करायला सांगितल्या. जुड्यांवर दगड ठेवून ताग दाबला गेला, जवळजवळ अर्धी बोडी भरेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक गंमत झाली. गंमत म्हणायची असेल तर. दिवाणजी पाणी बघायला आला तर सगळ्या बोडीभर माशांची तोंडं वर आलेली, उघडझाप करणारी. शेकडो. एवढी मासळी ह्या बोडीत आहे हे त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. तो धावत माडीवर गेला आणि म्हणाला, "मालक, ती बाई उगाच बोंबलते, मासे तर खुशीत वर येऊन नाचतात." गुलाबचंद बायकामुलांना घेऊन बघायला आला. त्याच्या धाकट्या सुनेनं, प्रेमिलेनं, पदरातले मुरमुरे पाण्यावर टाकले. एकाही माशानं खाल्ले नाहीत. शामकला काठावर बसून हे पाहत होती. ती म्हणाली, "गुदमरून राहिले ते. गळा दाबल्यावर मानूस नाचते का?" कोणी ऐकलं नाही. ती आणि बिसराम पाण्यात उतरली आणि दुपारपर्यंत हातांनी पाणी उडवत राहिली, जसं मडक्यात हलवायची तसं. पण मडकं वेगळं आणि बोडी वेगळी.

तिसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा बोडी पांढरी होती. पोटं वर, तोंडं उघडी. वर्षाचं पीक. ढिवरांच्या बायका काठावर बसून रडल्या. शामकला रडली नाही. तिनं टोपल्या आणल्या, भरल्या, आणि डोक्यावरून नेऊन एकामागून एक गुलाबचंदच्या सारवलेल्या वसरीवर उलट्या केल्या. पाच टोपल्या. बोलल्याप्रमाणे केलं. मालगुजार तेव्हा पाहुण्यांबरोबर चहा घेत होता.

माणूस चुकला तर चुकला म्हणतो. गुलाबचंद मालगुजार होता. गावासमोर एका ढिवरणीचं खरं ठरलं, हे त्याच्या गळ्याखाली उतरेना. तो म्हणाला, "ताग भिजवून मासे मरतात होय? बोडीत कुणीतरी विष टाकलंय. माझ्यावर आळ यावा म्हणून टाकलंय." दिवाणजीला तेवढंच पुरे होतं. तो ढिवरटोलीत गेला आणि बिसरामच्या झोपडीतून ढेपेचं अर्धं पोतं उचलून आणलं. ढेप तर ढिवराच्या घरी असणारच, कुंभाराच्या घरी चाक असतं तशी. पण दुपारी तिरोड्याचा हवालदार आला आणि बिसरामच्या हाताला दोरी लागली.

"मले न्या!" शामकला हवालदाराच्या अंगावर धावली. "शिव्या म्या देल्ल्या, टोपल्या म्या टाकल्या. त्यानं तोंड बी उघडलं नाई!"

हवालदार म्हणाला, "म्हणूनच तर. तू गप्प बसणार नाहीस, हा बसेल."

बिसरामनं तिच्याकडं एकदा पाहिलं. "जाळं वाळत टाकलं हाय, घेऊन घेजो," एवढं बोलला आणि चालू लागला.

दुसऱ्या दिवशी शामकला तिरोड्याला गेली. तिला ठाण्याच्या आत जाऊ दिलं नाही. ती दारात उभी राहून हवालदाराला सांगू लागली, आणि तिनं जे सांगितलं ते एखाद्या वकिलाला सुचलं नसतं. "ढेप टाकली का मरळ मरते, मांगूर मरते, समदेच मरतात. बोडीत चालून पाय. कतला मेली, रोहू मेला, पन पावसाच्या पान्यासंगं आलेली मरळ जित्ती हाय. मांगूर बी जित्ती हाय. त्या वर येऊन तोंडानं हवा घेतात, म्हनून वाचल्या. जहर असतं तं त्या वाचल्या असत्या का? पान्यातली हवा संपली, दुसरं काई नाई."

"मासे साक्ष द्यायला येत नाहीत, बाई. आरोपी येतो," हवालदार म्हणाला आणि दार लावून घेतलं. आतून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. माणसाचा आवाज आला नाही. बिसराम मार खातानाही बोलत नसावा, असं तिच्या मनात आलं आणि तिनं त्या दारावर लाथ मारली.

तिथून ती दवाखान्यात गेली. डॉक्टर नंदलाल तिचं जुनं गिऱ्हाईक, दर शनिवारी मासळी घेणारे. तिनं लोट्यात बोडीचं पाणी आणलं होतं. डॉक्टरांकडं एक जुनी दुर्बीण होती, लहानातलं लहान मोठं करून दाखवणारी. तिच्यातून ते पटकीच्या दिवसांत विहिरींचं पाणी बघायचे. त्यांनी एक थेंब काचेवर ठेवला, डोळा लावला आणि काच इकडंतिकडं सरकवून पाहिली. मग तिला म्हणाले, "ये, बघ."

शामकलेनं डोळा लावला. आधी स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग दिसलं. थेंबात गर्दी. ठिपके, काड्या, वळवळणारे गोळे, सगळे धावत होते, एकमेकांवर आदळत होते. एका तागाच्या धाग्याला ते असे चिकटले होते की धागा दिसत नव्हता.

"हे कोन?"

"बारीक जीव. डोळ्यांना दिसत नाहीत. चांगल्या पाण्यातही असतात, पण थोडे. ह्यांना ताग मिळाला, ते वाढले. एकाचे दोन, दोनाचे चार, एका दिवसात मोजता येणार नाहीत इतके. सालीतला गर हेच खातात, म्हणून साल सुटते. आणि खाताना पाण्यातली हवा ओढून घेतात."

शामकला दुर्बिणीपासून बाजूला झाली. पाणी ताग खातं, असं ती म्हणाली होती. निम्मं गाव हसलं होतं. ती म्हणाली, "डाक्टरसाहेब, लिहून द्या. जे दिसलं ते लिहा. म्या ठाण्यात नेऊन देतो."

डॉक्टरांनी काच पुसली. "मी सरकारी नोकर आहे, बाई. मालगुजारसाहेब लोकल बोर्डात आहेत. ह्या दवाखान्याची औषधं बोर्डाकडून येतात." त्यांनी मान वर केली नाही. "आणि मी माशांचा डॉक्टर नाही."

"मानसायचे बी नाई तुमी," ती म्हणाली, आणि लोटा तिथंच टेबलावर पालथा करून निघाली. शिकलेल्या माणसाला दिसतं आणि तो बोलत नाही. अडाण्याला दिसलं तर त्याला कोणी विचारत नाही. ह्या दोघांच्या मधल्या जागेत गुलाबचंदसारखे लोक माड्या बांधतात. ती चार कोस चालत आली तेव्हा तिचा राग पायांतून जमिनीत जायला हवा होता, पण तो वाढतच गेला.

सहाव्या दिवशी दिवाणजी केशोराव ढिवरटोलीत आला. ताग तयार झाला होता, साल बोटानं सुटत होती. "चला रे, उतरा. उद्यापर्यंत सोलून झाला पाहिजे." त्याच्या बोलण्यात झाल्या गोष्टीचं काही नव्हतंच. बिसराम कोठडीत आहे, हे जणू दुसऱ्या गावचं वर्तमान.

टोलीचा म्हातारा सुखराम, चौदा घरांचा मुखी, उठून उभा राहिला. कंबर बांधू लागला. पिढ्यान्‌पिढ्या उठायची सवय, दुसरं काय. शामकलेनं त्याच्या हातातला विळा काढून घेतला.

"कोठी चालले, बाबाजी? बोडीत जहर हाय ना?"

सुखराम गोंधळला. दिवाणजीही.

"मालकच तं मनतात जहर हाय. ठाण्यात तसंच लिवलं. म्हया नवऱ्याले त्याच्यासाठी कोंडून ठेवलं. मंग जहराच्या पान्यात आमची मानसं कशी उतरतीन?" ती दिवाणजीकडं वळली. "लेकरायच्या माया आहो आमी. जहरात नाई उतरत."

"अगं, ते माशांचं..."

"मास्यायले मारते अन मानसाले नाई मारत, असं जहर हाय का? मंग तुमी उतरा अगुदर. आमी मांगून येतो."

आधी एक बाई हसली, मग सगळ्या. सुखराम पुन्हा खाली बसला, आणि म्हाताऱ्यानं कमरेची गाठही सोडली. त्याला भीती वाटत होती, पण तो बसला. दिवाणजी पोवारांकडं गेला, ते म्हणाले, आमच्यात चालत नाही. गोंडांच्या टोल्यावर गेला, ते जंगलात निघून गेले. ज्या रिवाजानं ढिवरांना इतकी वर्षं त्या घाणीत उभं केलं, त्याच रिवाजानं आता मालगुजाराचा ताग पाण्याखाली अडकला.

आणि ताग काही माणसांचं भांडण मिटेपर्यंत थांबत नाही. सालीतला गर संपला, की तेच बारीक जीव धाग्याला लागतात. सातव्या दिवशी धागा चिवट होता. आठव्या दिवशी वारा फिरला आणि बोडीचा वास माडीवर चढला. प्रेमिला नाकाला पदर लावून माहेरी गेली. गुलाबचंदनं दुप्पट मजुरी कबूल केली. शामकला म्हणाली, "जहरात उतराले मजुरी नाई लागत, अक्कल गहान ठेवा लागते." नवव्या दिवशी त्यानं धमकी दिली की बोडी काढून घेईन. ती म्हणाली, "घ्या. पुढच्या चैतात पाळ बी तुमीच बांधा."

घरी आली की ती बिसरामच्या जाळ्यापाशी बसायची. ते अजून तिनं उचललं नव्हतं. आपण वसरीवर टोपल्या उलट्या केल्या नसत्या तर, हा विचार रोज यायचा आणि रोज ती त्याला शिवी घालून हाकलायची. पण तो पुन्हा यायचा.

दहाव्या दिवशी केशोरावनं पाण्यातून एक काडी उपसून धागा ओढला, आणि तो त्याच्या हातातच तुटला. दुपारी गुलाबचंद स्वतः बोडीच्या काठावर आला. सगळं गाव आलं. ढिवर एका बाजूला उभे होते.

"काय पाहिजे तुला?" तो म्हणाला.

"तुमच्या तोंडानं मना. समद्यायसमोर. अन तसंच लिवून दिवानजीले आताच ठान्यात धाडा."

गुलाबचंदनं घसा साफ केला. "बोडीत तसं काही विष वगैरे नसावं..."

"नसावं नाई. नाई मना."

"नाही. बोडीत विष नाही. बिसरामनं काही टाकलं नाही."

"मंग मासे कायनं मेले?"

गुलाबचंदनं दिवाणजीकडं पाहिलं, दिवाणजीनं पाण्याकडं. शामकला वाट पाहत उभी राहिली. तिला घाई नव्हती, ताग मालगुजाराचा होता.

"तागानं," गुलाबचंद म्हणाला. "तागानं मेले."

केशोरावची छकडी तिरोड्याच्या वाटेला लागलेली दिसली तेव्हा कुठं शामकलेनं पातळ खोचलं आणि पाण्यात उतरली. तिच्यामागून चौदा घरं उतरली. वरच्या जुड्या बऱ्या निघाल्या. खालच्या हातात घेतल्या की लगदा व्हायचा. निम्म्याहून जास्त ताग काळ्या चिखलात गेला. गुलाबचंद काठावर छत्री धरून बघत राहिला. लोकांना वाटलं, आता शामकला हसेल. ती हसली नाही. मासे परत येणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बिसराम आला. पायी आला. हाताची बोटं सुजली होती, एका अंगठ्याला शाई होती. शामकलेनं त्याला अंघोळ घातली, पेज दिली, आणि सगळं सांगितलं. दुर्बीण, दिवाणजी, 'नसावं नाई, नाई मना', सगळं, हातवारे करून. तो ऐकत होता. ती सांगून दमली तेव्हा तो म्हणाला,

"शामकले, म्या टाकली तं नोयती?"

"काय?"

"ढेप. ते रोज सांगत, तू टाकली. रोज सांगत अन मारत. मंग मले आठवाले लागलं. पोतं खांद्यावर घेतलेलं आठवते, पान्यात उतरलेलं आठवते. म्या अंगठा देल्ला त्यायच्या कागदावर. खरं सांग, म्या नाई ना टाकली?"

जेठात त्यानं ढेप टाकली होती, दर वर्षासारखी. तेच पोतं, तेच पाणी. ठाण्यात त्याच्या डोक्यात जेठ आणि अश्विन एक करून टाकले होते. शामकलेनं हे त्याला समजावलं. तो मान हलवायचा आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारायचा. चौदा घरांनी सांगितलं, सुखरामनं शपथ घेतली, त्यानं मान हलवली. पण त्या दिवसापासून तो बोडीत उतरला नाही. मासळीला हात लावला नाही. काठावर बसून जाळी विणायचा, दुसऱ्यांसाठी. गोंदियाहून जिरा शामकला सुखरामच्या मुलाबरोबर आणू लागली. गुलाबचंदचा ताग पुढच्या वर्षापासून नाल्यालाच गेला, आणि तो तिला वाटेत दिसला की दुसऱ्या गल्लीनं वळायचा. लोक म्हणायचे, बाई जिंकली. ती म्हणायची, "कोन मनते? म्हया घरी येऊन मन."

सहा वर्षं अशी गेली. सत्तेचाळीसच्या श्रावणात तिरोड्याच्या ठाण्यावर नवा झेंडा चढला, पेढे वाटले. चार दिवसांनी शामकला तिथं हजर. "गोऱ्यायचं राज गेलं ना? मंग म्हया नवऱ्याचा अंगठा वापस द्या." नवा मुन्शी आधी हसला, मग तिचं तोंड पाहून कपाटं उघडू लागला. कागद सापडला नाही. कुठं गेला, पुढं पाठवला का, वाळवीनं खाल्ला, कोणाला ठाऊक नव्हतं. मुन्शी म्हणाला, "कागदच नाही म्हणजे सुटलात की, बाई." तो कागद नवऱ्याच्या डोक्यात आहे, हे त्याला कसं सांगणार?

परत येताना ती गावच्या दुलीचंद वाण्याकडं थांबली आणि लिहिलेला एक जुना कागद मागितला, पुडी बांधायचा असतो तसला. घरामागं जाऊन चिमणीच्या काजळीत आपला अंगठा घोळला आणि कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर दाबला. मग ती बिसरामपुढं जाऊन उभी राहिली.

"हा घे. देल्ला सरकारनं वापस. साहेब मनला, हे खोटं होतं."

बिसरामनं विणणं थांबवलं. कागद दोन्ही हातांनी धरला, अंगठ्याचा ठसा डोळ्याजवळ नेला. दोघांनाही वाचता येत नव्हतं. "साहेब मनला?"

"मनला."

"मंग म्या नाई टाकली."

"नाई टाकली."

त्यानं कागदाचे बारीक बारीक तुकडे केले. थोडा वेळ बसला, मग उठून धोतर वर खोचलं आणि बोडीकडं निघाला. पाण्यात उतरताना त्याला शामकलेनं दुरून पाहिलं. तिला रडू आलं, आणि त्याच्यामागून संताप आला, असा की तिनं चुलीजवळचं मडकं उचलून अंगणात आपटलं. सहा वर्षं ती त्याला खरं सांगत होती. सगळी टोली सांगत होती, मालगुजारानं सुद्धा चारचौघांत सांगितलं होतं. त्यातल्या कशावरही त्याचा विश्वास बसला नव्हता. तो बसला वाण्याच्या पुडीच्या कागदावर, साहेबाच्या नावावर. तो राग तिचा मरेपर्यंत गेला नाही.